सातबारा ते बँक खातं : शेतीचं सरकारी अनुदान पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

वडील गेले आणि शेती माझ्या अंगावर आली, तेव्हा मला सातबारा वाचता येत नव्हता. सोलापूर जिल्ह्यातला आमचा कोरडवाहू भाग. घरची पाच एकर जमीन, त्यातली दोन एकर डाळिंब आणि बाकीची ज्वारीची. पुण्यातली नोकरी सोडून आले. पहिल्या वर्षी ज्याला त्याला विचारत फिरले की सरकारचे पैसे नेमके मिळवायचे कसे. प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. आता गल्लीतल्या पाचसहा घरांचे अर्ज मीच भरते. त्या अनुभवावरून एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच सांगते. अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात. पैसे अडकतात ते नोंदींमध्ये. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं, आणि शेतात डाळिंब असताना नोंद ज्वारीची. म्हणून हा लेख अर्जापासून सुरू होत नाही, कागदापासून होतो. क्रम मोडू नका.

कोणते पैसे कुठून येतात

गावात सगळ्यालाच ‘अनुदान’ म्हणतात, पण वाटा वेगळ्या आहेत आणि दारंही वेगळी.

पहिले पैसे हे जमीन नावावर आहे म्हणून मिळतात. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,०००. दुसरे पैसे तुम्ही काही घेतलं किंवा केलं म्हणून मिळतात. ठिबक, औजार, शेततळं, फळबाग, कांदाचाळ. हे बहुतेक सगळं महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर येतं. तिसरे पैसे नुकसान झालं म्हणून मिळतात. अतिवृष्टी, गारपीट, पूर. त्यासाठी पंचनामा लागतो आणि ते काम महसूल खात्याचं. पीक विमा या तिन्हींहून निराळा. तो तुम्ही हप्ता भरून घेतलेला करार आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात विमा एक रुपयात होता, पण २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत. ‘एक रुपयात होतो की’ असं अजूनही कुणी सांगितलं, तर ती माहिती जुनी आहे.

दारांबद्दल अजून एक. तालुक्याला दोन कृषी कार्यालयं असतात आणि नवा माणूस इथे हमखास चुकतो. तालुका कृषी अधिकारी हे राज्याच्या कृषी विभागाचे. पंचायत समितीतले कृषी अधिकारी जिल्हा परिषदेचे. ठिबक, यांत्रिकीकरण, फळबाग हे पहिल्या दारात. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना या दुसऱ्या दारात. या योजनांत नवीन विहिरीला चार लाखांपर्यंत मिळतात, तरीही पात्र घरांना त्या माहीत नसतात याचं मला फार वाईट वाटतं. अर्ज त्यांचाही महाडीबीटीवरच होतो, तपासणी मात्र पंचायत समिती करते. सौर पंपाचं काम तिसरीकडेच, महावितरणकडे.

पदांची नावं अलीकडे बदलली आहेत. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायक आता सहायक कृषी अधिकारी. बोलताना सगळे अजून ‘तलाठी भाऊसाहेब’ आणि ‘कृषी सहायक’च म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे. पण अर्जावर नवं पदनाम लिहा.

सातबारा आधी नीट करा

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. त्यासोबत ८अ काढा. सातबारा एका गटाचा, म्हणजे क्रमांक दिलेल्या जमिनीच्या एका तुकड्याचा असतो. त्यातल्या गाव नमुना सातमध्ये मालकी आणि बारामध्ये पीक. ८अ म्हणजे त्या गावातल्या तुमच्या सगळ्या जमिनीची बेरीज. योजनेत तुम्ही कुठल्या वर्गात बसता हे बेरजेवर ठरतं, त्यामुळे नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही.

आता चार गोष्टी बघा. नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे का. तुमच्या नावासमोर क्षेत्र लिहिलंय, की सगळी नावं एका कंसात घालून शेवटी एकच आकडा दिलाय. ‘इतर अधिकार’ या रकान्यात जुना कर्जाचा बोजा, कुळाची नोंद असं काही आहे का. आणि विहीर किंवा बोअर असेल तर त्याची नोंद आहे का, कारण ठिबकाच्या वेळी पाण्याचा स्रोत विचारतात.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि गुंठा जवळजवळ एका आराएवढा. पण ‘जवळजवळ’वर विसंबू नका. आमची पाच एकर जमीन ८अ वर भरली २ हेक्टर २ आर. अल्पभूधारकाची मर्यादा आहे दोन हेक्टर. त्या दोन आरांमुळे वडील हयातभर ‘इतर शेतकरी’ या वर्गात राहिले, आणि ठिबकासारख्या योजनेत त्यामुळे टक्केवारी खाली येते. वारसा आणि वाटणी होऊन जमीन आई, भाऊ आणि मी अशा तिघांच्या नावावर आली तेव्हा आम्ही तिघंही एक हेक्टरच्या आत, म्हणजे अत्यल्पभूधारक झालो. अनुदानासाठी कागदोपत्री खोटी वाटणी करा असं मी मुळीच सुचवत नाही. पण वाटणी खरंच झालेली असेल, प्रत्येक जण आपापला तुकडा कसत असेल आणि कागद मात्र वीस वर्षं जुना असेल, तर नुकसान तुमचं होतंय.

वारस नोंद राहिली असेल तर बाकी सगळं थांबवून ती करा. मयत माणसाच्या नावावर कुठलीही योजना चालत नाही. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करायचा. चौकशी होऊन नावं वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातात. मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि महिने जातात. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, तेव्हा कित्येक गावांत आजोबा-पणजोबांची नावं निघून वारसांची लागली. तुमच्या गटाचं तेव्हा झालं का, हे आधी बघून घ्या.

आणि बहिणींची नावं लपवू नका. अगदी कळकळीनं सांगते. ‘तिला कुठं शेती करायची आहे’ म्हणून प्रतिज्ञापत्रातून नाव वगळलं, की पुढे कधीही हरकत येऊ शकते. हरकत आली की फेरफार अडतो, फेरफाराबरोबर सगळी अनुदानं अडतात आणि घरात बोलणं बंद होतं ते वेगळंच. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. बहिणीला स्वखुशीनं हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा.

आधार आणि खातं

इथे मी स्वतः सहा महिने घालवले. माझा पहिला हप्ता ‘जमा झाला’ असा संदेश आला, गावातल्या बँकेत पासबुक भरून घेतलं तर शिल्लक होती तेवढीच. तीन चकरा झाल्या. शेवटी कळलं की पैसे मी कॉलेजात असताना पुण्यात उघडलेल्या, मीच विसरून गेलेल्या खात्यात गेले होते.

कारण समजून घ्या. बँकेत आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे खात्याला आधार ‘जोडलं’ गेलं, ते तुमची ओळख पटवण्यापुरतं. सरकारी पैसे कुठे टाकायचे हे ठरतं वेगळ्या यादीत, तिला आधार सीडिंग म्हणतात. त्या यादीत एका आधारला एकच बँक असते, आणि शेवटी ज्या बँकेनं नोंद केली तिथेच पैसे जातात. अर्जात तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, आधारवर आधारित पैसे त्याकडे बघत नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून आपल्या आधारला कुठली बँक लागली आहे हे दोन मिनिटांत दिसतं. चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट लिहिलेला अर्ज द्या (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं). नुसतं ‘केवायसी’ म्हणालात तर नुसती केवायसीच होईल.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात सहा महिन्यांतून एकदा तरी शंभर रुपये भरा किंवा काढा. आणि आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवाच. आमच्याकडे कित्येक आजीआजोबांच्या आधारला मुंबईला गेलेल्या नातवाचा नंबर आहे, आणि प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन लावावा लागतो. एकदाच आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या.

आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळतं का तेही याच वेळी बघा. सातबाऱ्यावर ‘बापू’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’ असला प्रकार गावोगावी आहे. शक्यतो आधारवरचं नाव सातबाऱ्याप्रमाणे करून घ्या, कारण सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर पुन्हा फेरफार आला.

शेतकरी ओळख क्रमांक

अॅग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीत नोंदणी करून हा अकरा अंकी क्रमांक मिळतो. कृषी विभागाच्या योजनांसाठी राज्यात तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आहे. सामायिक सुविधा केंद्रात, म्हणजे गावाकडे ज्याला आपण सेतू किंवा सीएससी म्हणतो तिथे, आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा-८अ घेऊन जा. नोंदणी मोफत आहे. नोंदवताना तुमचे सगळे गट जोडले गेले का ते स्क्रीनवर स्वतः बघा. दुसऱ्या गावात जमीन असेल तर तीही. चालक घाईत एकच गट जोडून मोकळा होतो, आणि मग त्या सुटलेल्या गटावर पुढे काही मिळत नाही. सामायिक खात्यातल्या प्रत्येक हिस्सेदाराला स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो, भावाच्या क्रमांकावर तुमचं चालत नाही.

वर्षाचे बारा हजार

पीएम-किसान २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. दर चार महिन्यांनी २,००० चा हप्ता. सुरुवातीला दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती, त्याच वर्षी ती अट गेली. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असणं ही मुख्य अट. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही, वारसानं आलेल्या जमिनीवर मिळतं. म्हणून नव्या नोंदणीत फेरफाराची प्रत लागते. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. आयकर भरणारे, सेवेतले वा निवृत्त सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील-अभियंते, आजी-माजी आमदार-खासदार यांना नाही. शहरातून परतलेल्यांनी हे नीट वाचावं. मागच्या वर्षी पगारावर आयकर भरला असेल तर त्या वर्षी तुम्ही बसत नाही, आणि तरीही घेतलेले हप्ते परत मागितले जातात. वडील वारल्यावर त्यांच्या नावानं येत राहिलेल्या हप्त्यांचंही तसंच. कळवून बंद करा आणि वारस म्हणून स्वतःची नोंदणी करा.

नोंदणीनंतर पीएम-किसानच्या संकेतस्थळावर आपली स्थिती बघता येते. तिथे तीन ओळींसमोर ‘होय’ दिसलं पाहिजे. ई-केवायसी, जमिनीची नोंद जोडणी आणि आधार-बँक सीडिंग. पहिलं स्वतः मोबाइलवर ओटीपीनं किंवा अॅपमध्ये चेहरा दाखवून होतं, बोटांचे ठसे उमटत नसलेल्या माणसांना चेहऱ्याची सोय फार उपयोगाची आहे. दुसरं अडलं तर तालुक्याला, तिसरं अडलं तर बँकेत. कुठली ओळ अडली आहे ते बघून त्याच दारात जा. मदतीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे.

नमो शेतकरी निधीला वेगळा अर्ज नाही. पीएम-किसानच्या यादीवरूनच तो येतो. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. ‘नमोचा फॉर्म भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल आली तर उघडू नका, त्यातून खाती रिकामी झाली आहेत. ही फाइल ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो.

महाडीबीटी : इथे घाई नडते

ठिबकाचं उदाहरण घेते, कारण आमच्या भागात ते घरोघरी लागतं आणि बाकीच्या घटकांचीही रीत साधारण अशीच आहे.

शेतकरी ओळख क्रमांकानं लॉगिन करायचं, माहिती पूर्ण भरायची, घटक निवडायचा आणि २३ रुपये ६० पैसे शुल्क भरायचं. पूर्वी संगणकीय सोडत निघायची, म्हणून अजून लोक ‘लॉटरी लागली का’ विचारतात. २०२५-२६ पासून पद्धत बदलली, ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’. म्हणजे आता अर्जाची तारीखच तुमची रांग. कागद तयार ठेवून लवकर अर्ज करण्याला आता खरा अर्थ आला आहे.

निवड झाल्याचा संदेश आला की मुदतीत कागदपत्रं चढवायची असतात. सातबारा, ८अ, विक्रेत्याचं कोटेशन, सामायिक क्षेत्र असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र. संदेश पाहायचा राहिला आणि मुदत गेली, म्हणून अर्ज रद्द झालेले मी चार तरी पाहिले आहेत. निवडीच्या काळात दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून बघत जा.

त्यानंतर येते पूर्वसंमती, म्हणजे खरेदी करायची लेखी परवानगी. या शब्दाखाली दोन रेघा ओढा. पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत एक फूटसुद्धा नळी विकत घ्यायची नाही. आमच्या शेजारच्या नानांनी मार्चमध्ये अर्ज केला, निवड झाली, आणि एप्रिलच्या उन्हात बाग वाळायला लागली म्हणून त्यांनी सावकाराकडून पैसे काढून संच बसवून टाकला. पूर्वसंमती मे महिन्यात आली. बिलाची तारीख आधीची, अर्ज बाद. नानांची बाग वाचली, पण अनुदानाचा एक रुपया मिळाला नाही. त्यांना हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी जुन्या नळ्यांवर पंधरा दिवस काढले असते. दुकानदार ‘बिल नंतरच्या तारखेचं देतो’ म्हणतात. ते करू नका. मोका तपासणीत, म्हणजे शेतात येऊन होणाऱ्या पाहणीत पकडलं गेलं तर रक्कम वसूल होते आणि पुढचे लाभही जातात.

पूर्वसंमतीनंतर साधारण ३० दिवसांत खरेदी करून जीएसटीचं बिल पोर्टलवर चढवायचं असतं. नेमकी मुदत पत्रावरच असते, ती वाचा. विक्रेता नोंदणीकृत असला पाहिजे. पैसे बँकेतून द्या, रोख नको. मग कृषी सहायक शेतात येऊन मोजमाप घेतात, फोटो काढतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि संच चालू करून दाखवा.

आता रकमेबद्दल, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्के भर घालते. म्हणून ८० आणि ७५ टक्के. पण हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत, सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर आहेत, आणि मापदंड दोन नळ्यांमधल्या अंतरावर व क्षेत्रावर बदलतो. समजा मापदंड १ लाख आणि तुमचं बिल सव्वा लाख. अल्पभूधारकाला ८० हजार मिळतील, खिशातून ४५ हजार जातील. बिल मापदंडापेक्षा कमी असेल तर टक्के बिलावर. दुकानात ‘ऐंशी टक्के सरकार देतंय’ ऐकून भारीतला संच उचलण्याआधी मापदंड कृषी सहायकांना विचारा. शिवाय एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही, कमाल क्षेत्र पाच हेक्टर.

आणि हे पैसे नंतर येतात. आधी पूर्ण रक्कम तुम्हीच उभी करायची आणि खात्यात येईपर्यंत कधी दोन महिने, कधी वर्षाच्या वर. निधी नसला की तपासणी झालेल्या फायलीही पडून राहतात. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्याच्यापर्यंत हे अनुदान पोहोचत नाही, आणि गरज तर त्यालाच जास्त असते. हे मला पटत नाही. तोवर एवढंच करता येतं की या पैशाच्या भरवशावर महिना चार टक्क्यांचं सावकारी कर्ज काढू नका. वर्षभर तसं व्याज भरलं तर अनुदानातला मोठा भाग त्यातच जातो.

बाकी घटकांचं थोडक्यात. वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये. औजारांना किमतीच्या ४० किंवा ५० टक्के किंवा ठरलेली मर्यादा, यातलं जे कमी असेल ते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्पभूधारक ५० टक्क्यांत येतात. जमीन आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावानं करा. ट्रॅक्टरनं चालणाऱ्या औजाराला घरात ट्रॅक्टर असल्याचं नोंदणी पुस्तक दाखवावं लागतं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात, आणि पुढचा हप्ता झाडं जगली तरच. बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ८० टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत. उन्हाळ्यात टँकर घालायची तयारी असेल तरच कोरडवाहूत हिला हात घाला.

पीक पाहणी आणि पंचनामा

ई-पीक पाहणी राज्यभर २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आहे. आपलं पीक आपणच मोबाइलवर, शेतात उभं राहून, फोटोसह नोंदवायचं. खरिपाची मुदत साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि लोक तेच टाळतात. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांना राज्यानं हेक्टरी ५,००० रुपये दोन हेक्टरांपर्यंत दिले, तेव्हा यादी निघाली ती ई-पीक पाहणीवरून. ज्यांनी सोयाबीन पेरलं होतं पण नोंदवलं नव्हतं त्यांना आपलं पीक सिद्ध करत हिंडावं लागलं. विहीर, बोअर, बांधावरची झाडंही याच अॅपमध्ये नोंदवा. नोंद चुकली तर ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करता येते.

नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, गट क्रमांक लिहून तलाठ्याला लेखी कळवा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात आणि ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. आपत्ती निधीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००. आमचं डाळिंब बहुवार्षिकात बसतं, पण बाराव्या नमुन्यात ज्वारी लागलेली असेल तर कोरडवाहूचा दर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या माझ्या मावशीकडे शेतात माती राहिली नव्हती. तरी तिनं ऑगस्टमध्ये पीक नोंदवलेलं होतं, म्हणून तिचं पीक कुठलं यावर वाद झाला नाही.

पंचनाम्यानंतर यादी लागते. यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असतो, त्याला व्हीके नंबर म्हणतात. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर तो नंबर घेऊन सीएससीत ई-केवायसी करावी लागते. यादी लागल्यावर ती स्वतः वाचा आणि क्षेत्र बरोबर आहे का बघा.

अडलं तर

तोंडी विचारत बसू नका. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर तोंडी प्रश्नाला मिळतं. साध्या कागदावर अर्ज लिहा. माझा अर्ज क्रमांक हा, पूर्वसंमतीची तारीख ही, बिल या तारखेला चढवलं, मोका तपासणी या दिवशी झाली, रक्कम अजून जमा नाही, कारण लेखी कळवावं. भांडणाची भाषा नको. नुसत्या तारखा पुरतात. ऑनलाइन तक्रारीला ‘आपले सरकार’ पोर्टल आहे. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तेवढ्यानंही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा की माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली आणि फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या भावाच्या पाइपलाइनचे पैसे चौदा महिने अडले होते. अर्ज टाकल्यावर कळलं की पासबुकाच्या प्रतीवरचा एक आकडा पुसट होता आणि त्रुटीचा संदेश आमच्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेला होता.

अर्जाच्या नेहमी दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. बिलं, पूर्वसंमती आणि ही शिक्क्याची प्रत एकाच पिशवीत ठेवा, आणि सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. थर्मल कागदावरचं बिल असेल तर त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, वर्षभरात त्यावरची शाई उडते.